घर बंद केलं म्हणजे घराणं बुडवलं का?

केळशीची सून:
काल इथे कोणीतरी लिहिलं, "म्हाताऱ्या आईवडिलांना गावातून उचलून फ्लॅटमध्ये नेणारी मुलं घराण्यालाच कुलूप घालतात." रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. माझ्या सासूबाईंनी त्या घरात 52 वर्षं काढली. गेल्या आषाढात पहाटे न्हाणीत पाय घसरला. दूध घालणारी बाई येईपर्यंत ओल्या चिऱ्यावर पडून होत्या, खुबा मोडलेला. दापोलीहून चिपळूणला न्यावं लागलं. आता डोंबिवलीत आमच्याकडे असतात. अजूनही रात्री पाऊस लागला की उठून हॉलच्या मधोमध बालदी ठेवतात, माजघरात गळायचं तिथे ठेवायच्या तशी. सकाळी मी ती गुपचूप उचलते. मला घराणं शिकवू नका.

खाडीपलीकडचा:
ते वाक्य माझंच. सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं, तरी वाक्य मागे घेत नाही. चूल पेटली नाही की धूर नाही, धूर नाही की वाशांना भुंगा लागतो, वाळवी चढते. बंद घर दोन-चार पावसाळ्यांत बसतं. आमच्या वाडीत 14 पैकी 9 घरं बंद आहेत. संध्याकाळी तिथून चालवत नाही.

कलमवाला:
घरांची वाट पत्र्यांनी लावली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि जो तो कौलं फेकून पत्रे ठोकत सुटला. वैशाखात त्या घरात माणूस भाजून निघतो. राहणार कोण?

वेळासकर:
बागेत बसून बोलणं सोपं आहे. वादळानंतर आम्ही दोन महिने ताडपत्रीखाली होतो. कौलं मिळेनात, मिळाली तर शाकारणारा मिळेना. त्यात माकडं! शाकारून चार दिवस होत नाहीत तोवर कौलांवर उड्या. पत्रा घातला म्हणून माझी आई आज त्या घरात आहे.

कलमवाला:
एक कौल फुटलं तर एक बदलता येतं. पत्रा सुटला की सुरीसारखा येतो. माझ्या काकांच्या दंडाला 11 टाके पडलेत त्याच वादळात. तुमच्या पत्र्याखाली पावसात एकमेकांचं बोलणं तरी ऐकू येतं का?

वेळासकर:
नाही येत. पण अंथरूण कोरडं राहतं. दरवर्षी मे महिन्यात शाकारणीचे पैसे तुम्ही द्या, उद्या पत्रे उतरवतो.

केळशीची सून:
कौल-पत्रा पुरे करा. खाडीपलीकडचे, तुम्ही स्वतः कुठे राहता?

खाडीपलीकडचा:
ठाण्यात. गणपती आणि शिमग्याला घर उघडतो.

केळशीची सून:
मग आमच्यात आणि तुमच्यात फरक काय? पंधरा दिवसांचा? आम्ही घर विकलेलं नाही. सातबाऱ्यावर 23 नावं आहेत, विकायचं म्हटलं तरी सगळ्यांच्या सह्या कोण गोळा करणार! घरपट्टी आम्हीच भरतो. किल्ली सासूबाईंच्या उशीखाली असते.

खाडीपलीकडचा:
माझे वडील त्या घरात एकटे असताना गेले. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. "चला ठाण्याला" असं मी त्यांना एकदाही जोर लावून म्हटलं नाही, घर बंद पडेल म्हणून. आईवडिलांना नेणाऱ्यांबद्दल लिहिलेलं मागे घेतो. बंद घराबद्दलचं घेणार नाही. एप्रिलअखेर आमच्याकडे सुतार येतोय. केळशी लांब नाही, तुमचे वासे त्याला दाखवायचे असतील तर किल्ली पाठवा.

केळशीची सून:
किल्ली त्या कोणाच्या हातात देणार नाहीत. त्यांनाच घेऊन येते.