व्हॉल्व्ह अँपचा आवाज आणि त्याची दुखणी : खान्देशातले अनुभव सांगा

धागा सुरू करताना – जळगाव

खान्देशात गिटारचा व्हॉल्व्ह अँप, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर आवाज वाढवणारा अँप, बिघडला तर दाखवायचा कुणाला, हा प्रश्न मला बारा वर्षं पडलेला आहे. गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलचा बोर्ड बघता बघता उघडून देणारी पोरं आहेत. चारशे व्होल्टचं सर्किट समोर ठेवलं की ती हात मागे घेतात, आणि ते बरोबरच आहे. हे काम येणारे व्हॉल्व्ह रेडिओचे मेकॅनिक आता सत्तरी-ऐंशीत पोचलेत. तेव्हा आपापले अनुभव इथे लिहा. अँप कोणता, आवाज कसा, बिघडला तेव्हा कानाला नेमकं काय ऐकू आलं आणि शेवटी काय सापडलं. ‘आवाज खराब झाला’ एवढं लिहू नका. घरघर की खरखर की शिट्टी, त्यावरूनच अर्धं निदान होतं.

आधी माझं. माझा अँप पाच वॅटचा, घरी बांधलेला. त्यात तीन व्हॉल्व्ह: गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणारा एक १२एएक्स७, स्पीकर चालवणारा एक ६व्ही६, आणि एसीचं डीसी करणारा एक ५वाय३ रेक्टिफायर. १९५० च्या दशकातल्या फेंडर चॅम्पचीच मांडणी. सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं, पेटी इथल्या सुताराने केली. व्हॉल्यूम चारपर्यंत आवाज स्वच्छ, सहानंतर फाटायला लागतो, पण पिक हलक्या हाताने लावला की पुन्हा स्वच्छ. मला हीच गोष्ट सगळ्यात प्रिय आहे. ट्रान्झिस्टरच्या साध्या अँपमध्ये मर्यादा आली की लहरीचा माथा सपाट कापला जातो. इथे तो हळूहळू गोल होतो, आणि एकच आउटपुट व्हॉल्व्ह असल्यामुळे मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला तोच सूर त्यात मिसळतो. कानाला तो परका वाटत नाही.

दुखणं मे महिन्यातलं. वीस मिनिटं वाजवलं की खरखर सुरू. मी आधी ६व्ही६ बदलला, मग १२एएक्स७ बदलला, पैसे गेले, खरखर तशीच. शेवटी अँप चालू ठेवून बांबूच्या काडीने एकेक भाग हलकेच टोचत गेलो. ६व्ही६ च्या बेसच्या एका पिनवर टोचलं की खरखर. ड्राय सोल्डर होतं, म्हणजे डाग नीट धरलेला नव्हता. व्हॉल्व्हच्या उष्णतेने सांधा ढिला व्हायचा. नवा डाग दिला, संपलं.

एक कळकळीची विनंती. बंद केलेल्या अँपमध्येही फिल्टर कंडेन्सर (वीज साठवून घरघर गाळणारे) भरलेले राहतात, आणि त्या धक्क्याने माणूस दगावू शकतो. प्लग काढा, दहा किलोओहमच्या पाच वॅटच्या रजिस्टन्समधून कंडेन्सर रिकामे करा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला. चालू अँपमध्ये टोचायचं असेल तर काडी कोरडी आणि दुसरा हात खिशात.

भुसावळ

रेल्वेत इलेक्ट्रिकलला होतो, आता निवृत्त. आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब राहायचं. ते गाव सोडून गेले तेव्हा त्यांच्या मोठ्या मुलाने गिटारचा अँप मला दिला. त्यात दोन ईएल८४ आउटपुट व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉक्स एसी-३० या अँपमध्ये चार असतात त्यातलेच. वीस वर्षं माळ्यावर होता. चालू केला तर गिटार न लावताही मोठी घरघर.

आम्ही रेल्वेतले, घरघर ऐकून आकडा सांगायची सवय. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरनंतर तिचे १०० हर्ट्झ होतात. म्हणून घरघर १०० ची असेल तर फिल्टर कंडेन्सर सुकलेत, आणि ५० ची असेल तर व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरच्या तारा, आर्थिंग किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा बघायची. गिटारवाल्यांना सोपं सांगतो. जाड सहाव्या तारेवर तिसरा पट्टा दाबा. तो सूर ९८ हर्ट्झचा आहे. घरघर त्याच्या किंचित वर ऐकू आली तर ती १०० ची. सप्तकभर खाली असेल तर ५० ची.

माझी १०० ची निघाली. ४५० व्होल्टचे दोन नवे कंडेन्सर टाकले आणि मोठी घरघर गेली. मग खालून बारीक गुणगुण उघडी पडली, ती ५० ची. हीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन चेसिसच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या, कोपऱ्याने नेल्या. हीटरच्या वाइंडिंगला मधला टॅप नव्हता, म्हणून शंभर-शंभर ओहमचे दोन रजिस्टन्स लावून मधला बिंदू चेसिसला दिला. आता रात्री शांततेत स्पीकरला कान लावला तरच काही ऐकू येतं.

आवाजाचं म्हणाल तर ईएल८४ खणखणीत. वरचे सूर चमकतात, कॉर्डमधली एकेक तार वेगळी कळते.

साक्री तालुका, धुळे

मी मळ्यात राहतो. माझा अँप पन्नास वॅटचा, दोन ईएल३४, पुण्याहून सेकंडहॅन्ड आणलेला. काका, तुमचा ९८ हर्ट्झचा सूर मी आजच वाजवून पाहिला, पण माझी गोष्ट वेगळीच आहे.

पहिले दोन महिने मला वाटलं, या अँपमध्ये दोन अँप आहेत. काही दिवस आवाज इतका मऊ की जोरात कॉर्ड मारली तर ती आधी दबते आणि मग फुलते. सोलो वाजवताना सूर संपूच नये असं वाटायचं. काही दिवस तोच अँप कडक, कोरडा, कानात टोचणारा. मी तारा बदलल्या, पिकअप खालीवर केला, केबल बदलली. एकदा लिहून ठेवायला लागलो, कोणत्या दिवशी, किती वाजता, आवाज कसा. तीन आठवड्यांची नोंद समोर ठेवली आणि कळलं की मऊ आवाजाचे तास म्हणजे आमच्या लाइनवर कृषिपंपांच्या थ्री-फेजचे तास. ज्या आठवड्यात पंपांची पाळी दिवसा, त्या आठवड्यात मऊ आवाज दिवसा. पाळी रात्री गेली की आवाजही रात्री गेला.

मीटर लावला. पंप चालू असताना १७८ व्होल्ट. पंप बंद झाल्यावर मध्यरात्री २५०.

अमेरिकन गिटारवादक एडी व्हॅन हेलन आपल्या मार्शल अँपला व्हेरिअॅकवरून (व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) मुद्दाम कमी व्होल्टेज द्यायचा, हे मी वाचलेलं होतं. तो जे यंत्राने करायचा ते माझ्याकडे आख्ख्या शिवारातल्या मोटारी करत होत्या. मला फार आनंद झाला आणि मी तसंच वाजवत राहिलो. वर्षभरात एक ईएल३४ दमला, नंतर दुसरा. माझी चूक मला तेव्हा कळली नव्हती. जळगावकर दादा, तुम्ही हिशेब समजावाल का?

धागाकर्ता – जळगाव

समजावतो भाऊ. ट्रान्सफॉर्मर सगळंच त्या प्रमाणात कमी करतो. २३० ला हीटर ६.३ व्होल्टवर असेल तर १७८ ला तो ४.९ वर येतो, आणि २५० ला ६.८५ वर जातो. व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकांत साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर चालवा असं असतं. तुमचा तेवीस टक्के खाली होता. कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, पुरेसा तापत नाही आणि आपण मात्र त्याच्याकडून पूर्ण करंट मागतो. मध्यरात्री उलट, प्लेटवर (इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या पत्र्यावर) जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता. एकच व्हॉल्व्ह दिवसभरात दोन्ही सोसत होता. सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, तो व्होल्टेज सलग सावरतो. साधा रिलेवाला टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि प्रत्येक उडीला स्पीकरमधून टक् ऐकू येतं.

अमळनेर

माझे वडील, नाना, रेडिओ मेकॅनिक होते. शाळेतून आले की मी त्यांच्या दुकानात बसायचे. मी गिटार वाजवत नाही, माझा मुलगा वाजवतो, पण त्याचा अँप मीच बघते.

नानांच्या दुकानात कुठलाही जुना सेट थेट भिंतीच्या प्लगला लागत नसे. आधी सिरीज बोर्ड: शंभर वॅटचा पिवळा बल्ब, त्याच्या मालिकेत सेट. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर पुढे जायचं. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करायचं. भुसावळच्या काकांसारखा वीस वर्षं पडलेला अँप असेल तर प्रत्येकाने हे करावंच. आणि बल्ब एलईडी चालत नाही, तारेचाच लागतो.

मुलाच्या अँपमध्ये व्हॉल्यूम वाढवला की घंटेसारखा टणत्कार यायचा आणि मग शिट्टी. तो म्हणाला गिटारचा फीडबॅक असेल. गिटार काढून घेतली, तरी शिट्टी. मी पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारली. पहिल्याच १२एएक्स७ वर स्पीकरमधून टण्ण आवाज आला. आतली जाळी सैल झाली की व्हॉल्व्ह स्वतःच माइक होतो आणि स्पीकरच्या कंपनाने ओरडतो. फेकला नाही. शेवटच्या जागी, आउटपुट व्हॉल्व्हच्या जोडीला उलटसुलट सिग्नल देणाऱ्या फेज इन्व्हर्टरला बसवला. तिथे पुढे वाढ कमी असते, त्यामुळे तिथे तो गप्प आहे.

पहिल्या जागेसाठी नानांच्या डब्यातला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईसीसी८३ निघाला. १२एएक्स७ आणि ईसीसी८३ एकच. आज नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात, पण एके काळी बंगळूरला बनत होते. त्या डब्यावर नानांच्या अक्षरात ‘चांगला’ असं लिहिलेलं आहे. मुलगा वाजवतो तेव्हा मी त्या व्हॉल्व्हच्या लाल तारेकडे बघत बसते.

नवापूर

आमच्या चर्चमध्ये मी गिटार वाजवतो. एका कुटुंबाच्या नातेवाइकांनी अमेरिकेहून अँप पाठवला, दोन ६व्ही६ चा. १२० व्होल्टचा आहे हे कुणी बघितलं नाही. आमच्यातल्या एकाने २३० ला लावला, फ्यूज उडाला. फ्यूजने आपलं काम केलं होतं. पण त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली आणि पुन्हा लावला. मिनिटभरात धूर. पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला.

नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, २३० चाच. स्टेप-डाउनही चालला असता, पण ६० हर्ट्झसाठी बनवलेला कोअर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो आणि आमच्याकडे उन्हाळ्यात आधीच ताप पुरेसा असतो. आवाज फार गोड आहे, गाण्याच्या आड येत नाही. फ्यूजच्या शेजारी मी आकडा रंगवून ठेवलाय.

चाळीसगाव

आमची बेंजो पार्टी. बेंजो म्हणजे पिकअप लावलेला बुलबुलतरंग. वरातीत आता सगळं ट्रान्झिस्टरवर, पण माझ्या आबांचा व्हॉल्व्हचा अँप होता. त्यावर बेंजो लावला की म्हातारी माणसं थांबून म्हणत, ‘आवाज गोड शे भाऊ.’

तो माझ्या हातून गेला. वरात वळताना स्पीकरची वायर तुटली. आवाज बंद झाला म्हणून मी व्हॉल्यूम पूर्ण वाढवला आणि पोरगा वाजवत राहिला. स्पीकरचा भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज भयंकर चढतं, आत ठिणगी पडते. तो जळाला, बरोबर दोन व्हॉल्व्ह. ट्रान्झिस्टरच्या अँपला स्पीकर नसला तरी सहसा चालतं, म्हणून आमच्या पोरांना याची कल्पनाच नसते. आवाज गेला की आधी अँप बंद करा, मग वायर शोधा.

शिरपूर

मी ६एल६ चा एक आणि ईएल३४ चा एक असे दोन अँप शेजारी ठेवून, एकाच बारा इंची स्पीकरवर आळीपाळीने ऐकले. ६एल६ खालच्या सुरांत भरदार, वरती काचेसारखा स्वच्छ, उशिरा फाटतो. ईएल३४ मधल्या सुरांत पुढे येतो, लवकर फाटतो आणि फाटतो तेव्हा दाणेदार वाटतो. मात्र स्पीकर बदलल्यावर जो फरक पडला तो व्हॉल्व्ह बदलल्यापेक्षा मोठा होता. पैसे मोजके असतील तर आधी स्पीकर ऐका असं माझं स्पष्ट मत आहे.

बिघाड: ६एल६ च्या जोडीतला एक लालबुंद. व्हॉल्व्हची तार नव्हे, बाहेरची राखाडी प्लेटच लाल. लगेच बंद केला. ६एल६जीसी च्या प्लेटची उष्णतेची मर्यादा ३० वॅट, आपण सत्तर टक्के धरतो, म्हणजे २१. माझ्या प्लेटवर ४२० व्होल्ट, म्हणून ५० मिलिअँपियर हवेत. कॅथोडला एक ओहमचा रजिस्टन्स आहे, त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपियर. एकावर ४९, दुसऱ्यावर ८८ आणि चढतच. व्हॉल्व्हची अदलाबदल केली तरी लाल तीच जागा. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष. मागचा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर (सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणारा) गळत होता आणि ग्रिडवरचं, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीवरचं, ऋण व्होल्टेज खात होता. छोटासा भाग, व्हॉल्व्हच्या किमतीपुढे काहीच नाही. जागा बदलून बघितल्याशिवाय नवा व्हॉल्व्ह विकत घेऊ नका.

साक्री तालुका, धुळे

स्टॅबिलायझर आला. आउटपुट २३० वर स्थिर, हीटर ६.२. पहिल्या दिवशी मला तो जुना मऊपणा आठवून वाईट वाटलं. मग गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम सातवर आणून अँप थोडा जास्त उघडला, तेव्हा त्यातला बराचसा परत आला.

मीटर हातात होताच, म्हणून आर्थिंगही बघितलं. फेज आणि आर्थमध्ये १४० च व्होल्ट मिळाले. काळी जमीन, चैत्रापासून भेगा पडलेल्या, आणि आर्थिंगचा खड्डा ठार कोरडा. कोळसा-मीठ घातलं, तीन दिवस बादलीने पाणी सोडलं, आज २२६ आले. तारांना हात लावला की जी चरचर यायची ती गेली, माइकला ओठ लागल्यावरचा झटकाही गेला. ठिबकची एक नळी त्या खड्ड्याकडे वळवून ठेवली आहे. पंपांची पाळी या आठवड्यात रात्री आहे. नऊ वाजता थ्री-फेज आली की ऐकून पुन्हा लिहितो.