ऑक्टेव्ह: सप्तक की अष्टक?

खर्डेघाशा: एका विज्ञानलेखाचा अनुवाद करतोय. मूलद्रव्यं अणुभाराच्या क्रमाने लावणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ न्यूलँड्सच्या १८६५च्या 'लॉ ऑफ ऑक्टेव्ह्ज'ला पाठ्यपुस्तकातल्यासारखं 'अष्टकांचा नियम' लिहिलं. मसुदा वाचून गाणाऱ्या मैत्रिणीने झापलं, "ऑक्टेव्ह म्हणजे सप्तक. अष्टकं रामदासांची!" बदललं. आता वाक्य असं: 'सप्तकांच्या नियमानुसार दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागतं.' सात की आठ? त्यात पुढच्याच परिच्छेदात इलेक्ट्रॉनांचं 'ऑक्टेट' (अणूच्या बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) येतं, तेही अष्टकच. सुचवा काहीतरी.

तारषड्ज: मैत्रीण बरोबर. सा ते नी, स्वर सात. तार सा पुढच्या सप्तकाचा. मध्य सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर तार सा ४८०चा. दुप्पट झाली की घर बदललं. पाश्चात्त्य मंडळी शेजाऱ्याचा उंबरठाही आपल्यात धरतात, एवढंच.

खडूफळा: तरी अष्टक नकोच. एका उत्तरपत्रिकेत वाचलंय: 'न्यूलँड्सच्या मते प्रत्येक मूलद्रव्याला आठ इलेक्ट्रॉन हवेत.' इलेक्ट्रॉनचा शोध १८९७चा! चूक पोराची नाही, दोन्हीकडे अष्टक शिकवणाऱ्या आमची. बाकी न्यूलँड्सचं नशीबच तसं. १८६६ साली लंडनच्या केमिकल सोसायटीत त्याला विचारलं गेलं की, मूलद्रव्यं अकारविल्हे लावून पाहिलीत का? संगीताची उपमा महागात पडली. त्याच्या यादीत सारखी वागणारी मूलद्रव्यं या क्रमांकांवर: लिथियम २, सोडियम ९, पोटॅशियम १६. पुढे १८९८मध्ये निऑन सापडला, मध्ये येऊन बसला, आणि लिथियमपासून आठवं असलेलं सोडियम नववं झालं.

बोटमोजे: तारषड्ज, उंबरठा आपणही धरतो की! पंचम म्हणजे पाचवा, पण सा पासून प पर्यंत पायऱ्या चारच. आणि 'आठवडा'? दिवस सात, नाव आठाचं. आजी सोमवारी "आठा दिवसांनी ये" म्हणाली की पुढच्या सोमवारीच जायचं असायचं. दोन्ही सोमवार धरून बोटं मोजा, आठ भरतात. फ्रेंच लोकही आठवड्याला 'आठ दिवस' आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस' म्हणतात. रोमनांचा बाजार दर आठ दिवसांनी भरे, नाव मात्र नवावरून.

शुद्धमती: पंधरवड्याला त्यात ओढू नका. पक्षाच्या तिथी पंधराच असतात, तिथे दोन्ही टोकं मोजण्याचा संबंध नाही. आणि मूळ प्रश्नाला 'स्वराष्टक' घ्या की. संस्कृतात सोय असताना ऑक्टेव्ह कशाला?

तारषड्ज: स्वराष्टक! गाणारा एक माणूस दाखवा जो हे म्हणतो.

शुद्धमती: रुळला असता तर म्हणाला असता.

बोटमोजे: पंधरवडा तिथींवरून, मान्य. पण मग आठवडा? सप्ताह हाताशी असताना लोकांनी आठ का धरले?

खडूफळा: संस्कृतावरून आठवलं. आवर्तसारणीवाल्या रशियन मेंडेलेव्हने न सापडलेल्या मूलद्रव्यांना 'एक' लावून नावं दिली होती. त्याचं एका-सिलिकॉन १८८६ साली जर्मेनियम म्हणून सापडलं. गंमत बघा, ते सिलिकॉनच्या एकच घर खाली. म्हणजे मेंडेलेव्ह स्वतःला सोडून मोजतो, न्यूलँड्स स्वतःला धरून. न्यूलँड्ससारखं मोजलं असतं तर 'द्वि-सिलिकॉन' म्हणावं लागलं असतं.

शुद्धमती: बघा, रशियन माणसाला संस्कृत चाललं. तुम्हालाच जड.

तारषड्ज: त्याने 'एका' घेतलं, 'एकाधस्थ' नाही.

खर्डेघाशा: मंडळी, मजकूर परवा द्यायचाय. तूर्तास 'ऑक्टेव्हचा नियम' लिहितो आणि ऑक्टेटला अष्टक ठेवतो. मैत्रीण बोलणार ते वेगळंच.

बोटमोजे: परवा म्हणजे आज धरून की सोडून? आणि मागच्या परवालाही परवाच का म्हणतो आपण?