झाकणाखालची साय आणि हेड गॅस्केट
ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील; ते गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये शिरू शकतं) गेलंच, हे म्हणणं सरसकट पटत नाही. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरली की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ थंड झाकणाला धरते आणि ऑइलशी घुसळून तशीच साय होते. माझ्याकडे अगदी श्रीखंडासारखी जमली होती; मेकॅनिक थेट हेड उतरवायला निघाला. पण डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) स्वच्छ, कूलंट तसूभरही कमी नाही. झाकण पुसलं, हायवेला तासभर गाडी पळवली, परत काही नाही.

डिपस्टिकच दुधाच्या कॉफीसारखी आली तर मात्र गाडी सुरूच करू नका. तेव्हाही हेड उतरवण्याआधी कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) करा. कूलंटवर चालणारा ऑइल कूलर असेल, तर तो आतून फुटूनही ऑइल आणि कूलंट मिसळतं.