अर्धांगवायू उजव्या बाजूला, मग गुठळी डाव्या मेंदूत कशी?

अंबाजोगाईकर:
नमस्कार. मागील महिन्यात आमच्या वडिलांना, म्हणजे नानांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात पूर्ण लुळा पडला आहे. उजवा पाय मात्र धरून चालण्याइतपत सावरला आहे. सीटी स्कॅनच्या अहवालात मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे बंद पडल्याचे लिहिले आहे. आमचे बोलणे त्यांना समजते, परंतु 'पाणी' एवढा शब्द काढतानाही त्यांची दमछाक होते. आणि तेच नाना शेजारच्या मंदिरात भजन सुरू झाले की टाळाच्या ठेक्यावर अख्खी ओळ म्हणतात. त्यामुळे ते मुद्दाम बोलत नाहीत, असे भावकीतले काही जण म्हणू लागले आहेत. याचा उलगडा कोणी करील का?

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, परभणी:
हालचालींचे आदेश प्रमस्तिष्काच्या, म्हणजे मोठ्या मेंदूच्या, पृष्ठभागावरून निघतात. ते वाहून नेणारे बहुतांश चेतातंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या टोकाशी एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात आणि मगच पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मेरुरज्जूत उतरतात. म्हणून डाव्या अर्धगोलातील, म्हणजे मोठ्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातील, इजा उजव्या अंगावर दिसते. अनुमस्तिष्काचे तसे नाही. तोल आणि हालचालींतील नेमकेपणा सांभाळणाऱ्या या लहान मेंदूच्या एका बाजूला इजा झाली, तर त्रास त्याच बाजूच्या हातापायांत जाणवतो. परीक्षेत मुले हमखास चुकत ती इथेच.

वाचा-उपचारतज्ज्ञ, लातूर:
नाना मुद्दाम गप्प बसलेले नाहीत, हे भावकीला आधी स्पष्ट सांगावे. बहुतेक माणसांत भाषेची मुख्य केंद्रे डाव्या अर्धगोलात असतात. 1861 मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाची नोंद केली. त्याला इतरांचे बोलणे बरेचसे समजे, पण त्याच्या तोंडून 'टॅन' एवढाच उच्चार निघे. मृत्यूनंतर त्याच्या डाव्या ललाट खंडात, म्हणजे कपाळामागील भागात, इजा आढळली. तो भाग आजही ब्रोका यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार मांडला: डाव्या शंख खंडाच्या, म्हणजे कानाजवळच्या खंडाच्या, मागील भागाला इजा झालेला रुग्ण अस्खलित बोलतो, पण त्या बोलण्याला अर्थ राहत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट उमजत नाही. आपण लिहिलेली लक्षणे पहिल्या प्रकाराशी जुळतात. नवे वाक्य जुळवणे आणि वर्षानुवर्षे तोंडात बसलेली ओळ म्हणणे या मेंदूच्या दृष्टीने वेगवेगळ्या क्रिया आहेत. पाठ असलेले भजन, एक ते दहा अंक, वारांची नावे अशा रुग्णांना पुष्कळदा म्हणता येतात. गाण्यात उजव्या अर्धगोलाचाही वाटा असतो. ठेका धरून साधे शब्द म्हणून घेण्याची उपचारपद्धती याच निरीक्षणावर उभी आहे.

अंबाजोगाईकर:
दोघांचेही मनापासून आभार. पाय सावरला आणि हात राहिला, हे मात्र अजून समजले नाही.

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, परभणी:
हात, चेहरा आणि जीभ यांचे नियंत्रण करणारा पट्टा अर्धगोलाच्या बाहेरील अंगावर असतो, तर पायाचा भाग दोन अर्धगोलांमधील खाचेत, आतल्या बाजूला असतो. बाहेरील अंगाला मध्य प्रमस्तिष्क धमनी रक्त पुरवते, आतल्या भागाला अग्र धमनी. गुठळी बहुधा पहिलीत अडकली असावी; तसे असल्यास हात आणि वाचा एकाच वेळी जाणे स्वाभाविक आहे.

वाचा-उपचारतज्ज्ञ, लातूर:
सरांशी सहमत. पाणी पिताना नानांना ठसका लागतो का, तेही कळवावे. लागत असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत पातळ पदार्थ देण्याबाबत आपल्या डॉक्टरांना आजच विचारावे.