हायडलबर्गला दहा महिने: घर, शाळा, विमा

मुठाकाठची:
ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या हायडलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत (खंडोबाचे अभ्यासक सोन्थायमर होते तीच) पाहुणी संशोधक म्हणून जातेय. पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवते. पैसे शिष्यवृत्तीचे, तिथली नोकरी नाही. सोबत नवरा आणि सात वर्षांची लेक. विद्यापीठाच्या अतिथिगृहासाठी अर्ज केलाय, अजून उत्तर नाही. ऑनलाइन एक घरमालक भेटलाय. फोटो झकास, भाडं कमी. म्हणतो, डिपॉझिट आधी पाठवा, किल्ली कुरियरने येईल. नवरा खूश, मला धाकधूक. लेकीला जर्मनचा ज येत नाही, शाळेचं कसं? आणि कुकर न्यावा का?

बर्गहाइमकर:
ताई, त्या कुरियरवाल्याला एक सेंटही पाठवू नका. ही फसवणूक तिकडे जुनी आहे, आणि बाहेरून येणारे संशोधक हेच तिचं गिऱ्हाईक.

तिथे सगळं अडतं ते एका कागदापाशी. ‘ही मंडळी माझ्या घरात राहायला आली’ असं घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. नाव वोनुंग्सगेबरबेस्टेटिगुंग. उच्चाराच्या नादी लागू नका, कोरा फॉर्म छापून मालकापुढे धरा. ते घेऊन राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये (पालिकेचं नागरिक कार्यालय) पत्ता नोंदवायचा, म्हणजे आनमेल्डुंग. राहण्याचा परवाना, लेकीची शाळा, बहुतेक बँकांची खाती, सगळं त्यानंतर. म्हणून तात्पुरती खोली घेतलीत तरी भाड्याच्या आधी विचारा, ‘इथे नोंदणी करता येईल ना?’ स्वस्तातल्या बऱ्याच खोल्या तिथेच बाद होतात.

जाहिरातीत बहुधा ‘काल्ट’ भाडं असतं, हीटिंग-पाणी वेगळं. ‘वार्म’, म्हणजे ते धरून होणारा, आकडा विचारा. बिनफर्निचरच्या घरात कधीकधी ओटा-सिंकही नसतं, त्या भानगडीत पडूच नका. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत भरायची मुभा कायद्यानेच आहे. मालक हे आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नका.

माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत उत्तम म्हणजे सबॅटिकलवर (लांबच्या अभ्यासरजेवर) निघालेल्या एखाद्या प्राध्यापकाचं घर. भांड्यांसकट मिळतं. यजमान प्राध्यापकांना विभागात चार ओळींची मेल फिरवायला सांगा. जर्मन माणूस अनोळखी मेलला उत्तर देईलच असं नाही, सहकाऱ्याच्या मेलला देतो. हायडलबर्गातच हवं असा हट्ट नको. एप्पेलहाइम, लायमेनला ट्राम जाते, मानहाइमहून लोकल आहे.

विम्याचं आत्ताच बघा. शिष्यवृत्तीवाल्यांना नोकरदारांसारखा सरकारी विमा आपोआप लागू होत नाही. तिघांचा कुठला विमा चालेल ते व्हिसाच्या अर्जाआधी लेखी विचारून घ्या. साध्या प्रवास विम्यावर विसंबू नका.

लेकुरवाळी_मानहाइम:
शाळेची काळजी सोडा. त्या वयाला शाळा सक्तीची आहे, सरकारी शाळेला फी नाही, आणि प्राथमिकला शाळा साधारण पत्त्यावरून ठरते. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये (हायडलबर्ग याच राज्यात) तयारीवर्ग असतात, पण प्रत्येक शाळेत नाहीत, तेव्हा घर पक्कं करण्याआधी चौकशी करा. माझा मुलगा दिवाळीपर्यंत मुका होता. नाताळात बहिणीशी जर्मनमध्ये भांडत होता.

कुकर न्याच, पण बुडाला चुंबक चिकटतो का बघून. इंडक्शन निघालं तर ॲल्युमिनियमचा नुसताच शोभेला. जास्तीच्या रिंगा घ्या. मसूर कुठेही मिळते, तूरडाळ आशियाई दुकानांत. सामानात गोडा मसाला आणि आमसुलं भरा. तूप, पेढे, खवा नको: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा. आणि रविवारी दुकानं बंद, शनिवारी दूध आणा.

मुठाकाठची:
मालकाला ‘व्हिडिओ कॉलवर घर दाखवता का’ विचारलं. तेव्हापासून गायब आहे. नवरा आता अतिथिगृहाला रोज मेल करा म्हणतोय!

बर्गहाइमकर:
रोज नको हो. आठवड्याला एक, आणि यजमान प्राध्यापकांना सीसीत ठेवून.