धागा: 'नोकरी गेली तर गेली, उपचार फुकट आहेत ना?'

कातळकोपरा: कालच्या चर्चेत एकाने ठोकून दिलं, "लॉकडाऊनमध्ये कॅन्सर पेशंटची नोकरी गेली म्हणून जगणं ढासळलं, हे मुंबईचं रडगाणं. कोकणात घरचा भात, परसात माड, आणि फुकट उपचारांची सरकारी जनआरोग्य योजना." अहो, योजना पेशंटला परतीचं एसटी भाडंही देते, पण एसटीच बंद होती! खासगी गाडी, ई-पास, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज हे कुठल्या पॅकेजात बसतं? केमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो. खिसा रिकामा असला की माणूस पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघतो. ताप उतरतो, जंतुसंसर्ग आत वाढत राहतो.

खाजणवाट: रडण्यापेक्षा फॉर्म भरा. मार्च 2020 मध्येच पीएफमधून तीन महिन्यांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता किंवा शिलकीच्या 75 टक्के, जे कमी ते, काढायची सोय झाली. मे महिन्यात योजना पांढऱ्या रेशन कार्डालाही खुली झाली. अजून काय हवं?

तहसीलत्रस्त: कार्ड म्हणालात म्हणून. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला नसेल तर सासरच्या कार्डावर चढत नाही. चाकरमान्याचं नाव मुंबईच्या कार्डावर, घर गावात. पीएफमध्ये आधारपेक्षा नाव वेगळं असलं तर तेव्हा दुरुस्तीवर मालकाची सही लागायची. कंपनीलाच टाळं, सही कोण देणार होतं?

खाजणवाट: धागा कॅन्सरचा आहे, तहसीलचा नाही!

तहसीलत्रस्त: कागद अडला की केमो अडते, एवढंही कळत नसेल तर नमस्कार.

माडाचीसावली: भांडा खुशाल, पण 'घरचा भात' सोडा. केमोनं तोंड आलेल्याला तिखलं (माशाचं तिखट कालवण) उतरत नाही, पेज उतरते. पेजेनं पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत. अंडं, दूध विकत. जून-जुलैत मासेमारी बंद. वजन फार उतरलं की केमोचा डोसही नव्याने काढावा लागतो.

कातळकोपरा: त्यात तेव्हा विलगीकरण. मुंबईहून आलं की 14 दिवस. केमोची सायकल, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतचा काळ, बहुतेकदा 21 दिवसांची. उरले 7, त्यातच रक्त तपासून परत निघायचं. रेडिएशन तर आठवड्यातले पाच दिवस, पाच-सहा आठवडे. म्हणजे मुंबईत खोली, आणि भाडं भरणारा पगार गेलेला.

खाजणवाट: बरं बाबा, 14 आणि 21 चं गणित मान्य. गणपतीला चाकरमान्यांसाठी 14 चे 10 केले होते, हेही तुमच्याच बाजूला मांडून घ्या. पण पीएफचा मुद्दा सोडत नाही.

तहसीलत्रस्त: मग मालकाची सही आणून द्या.