ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे

प्रश्न : डेक्कन ट्रॅपला 'दख्खनचा सापळा' म्हणतात का? एका लेखात वाचलं. आणि मॅग्मा नि लाव्हा एकच ना?

उत्तर : सापळा अजिबात नको, प्लीज. डेक्कन ट्रॅप म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेला दख्खनचा खडक, आणि हा ट्रॅप पायरीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. माळशेज घाटात एसटीच्या खिडकीतून समोर बघा, उभा कडा, मग सपाट पट्टा, परत कडा, पायऱ्याच त्या. लाव्ह्याचा एक थर पसरला, निवला, त्यावर दुसरा, असं साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी होत राहिलं नि आजही जवळपास ५ लाख चौरस किमी भाग त्याखाली आहे. मी सरळ ट्रॅपच लिहितो.

जमिनीखाली असतो तो मॅग्मा, म्हणजे शिलारस, आणि बाहेर पडला की लाव्हा. शिलारस आतच राहिला तर सावकाश निवतो, स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो, दाणा डोळ्यांना दिसतो. बाहेर भरभर निवतो म्हणून दाणा एकदम बारीक. म्हणजे तोच रस आत निवला तर गॅब्रो, बाहेर निवला तर बेसाल्ट, म्हणजे आपला दख्खनचा काळा दगड. ग्रॅनाइटचं कूळ वेगळं, त्यात सिलिका (वाळूत असते तेच द्रव्य) ७० टक्क्यांच्या आसपास, बेसाल्टमधे ४५ ते ५२. मग ओट्यासाठी दुकानात 'काळा ग्रॅनाइट' मागतो तो काय? बहुतेक वेळा गॅब्रो नाहीतर डोलेराइट (त्याच रसाचा, मधल्या दाण्याचा दगड) असतो, ग्रॅनाइट नसतोच! बाजारात पॉलिश होणाऱ्या कुठल्याही कठीण दगडाला ग्रॅनाइट म्हणायची सवय पडलीय.

अजून एक उत्तर, बेसाल्टच्या मराठी नावाबद्दल : पुस्तकात बेसाल्टला असिताश्म म्हणतात, असित म्हणजे काळा, पण बोलताना कुणाच्या तोंडी ऐकला नाही. आमच्या विहिरीचं काम चाललं होतं तेव्हा खणणारे काका वरून सांगायचे, आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण लागला की सुरुंग. मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्टच, आणि मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा मऊ दगड. त्याचा एक तुकडा माझ्याकडे आहे, लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं, वाटाण्याएवढी, आणि काहींत पांढऱ्या सुया भरल्यात, ते जिओलाइट नावाचं खनिज, नंतर पाणी झिरपून तयार झालेलं. घरी सगळे गारगोटीच म्हणतात त्याला, पण गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, ती काचेवर ओरखडा काढते, या सुया नखानंही मोडतात.

मला तरी असिताश्मपेक्षा काळा पाषाण हाच शब्द टिकावासा वाटतो. कोकणात काळवत्री म्हणतात. विदर्भात विहीर खणणारे काय म्हणतात, कुणी सांगेल का?